खांब किती, अंतरे किती?

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात ‘आपापल्या कामाविषयी’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पंधरा मिनिटे बोलायचे असे संयोजकांनी कळवले तेव्हा मला जरा धाकधूक वाटली. आपल्या बॅचमध्ये शिक्षिका आहेत, पोलीस आहेत, एसटीत आहेत, द्राक्षाची बाग करणारे आहेत. त्यांचे काम एका वाक्यात सांगता येते. मी ‘मेडिकल कोडर’ आहे म्हटले की समोरच्याला वाटते, ही हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर लिहीत असणार. आमच्या सासूबाई शेजारणीला सांगतात, ‘सून अमेरिकेची बिलं करते.’ खरे सांगायचे तर आतापर्यंत ऐकलेल्या उत्तरांत त्यांचेच उत्तर सर्वांत जवळचे आहे.

अमेरिकेत डॉक्टरने पेशंटला तपासले, टाके घातले, ऑपरेशन केले, की त्याचे पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी किंवा सरकारची ‘मेडिकेअर’ योजना देते. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्या लोकांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेली योजना. आता हे पैसे मागताना ‘कमरेचे मोठे ऑपरेशन केले, एवढे द्या’ असे लिहून चालत नाही. काय आजार होता आणि काय केले, या दोन्ही गोष्टी आकड्यांत लिहाव्या लागतात. आजाराच्या आकड्यांचे पुस्तक वेगळे, त्याला आयसीडी-१० म्हणतात. अमेरिकेत ते १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाले. डॉक्टरने काय केले त्याचे पुस्तक वेगळे, त्याला सीपीटी म्हणतात. ते अमेरिकन मेडिकल असोसिएशन काढते. त्याची पहिली आवृत्ती १९६६ ची, आणि दर वर्षी १ जानेवारीला नवी येते. म्हणजे आपल्या शाळेतल्यासारखे आम्हालाही दर वर्षी नवे पुस्तक आणि नवा अभ्यास. कव्हर घालायचे तेवढे राहिले.

डॉक्टरने ऑपरेशननंतर लिहिलेली किंवा बोलून टाइप करून घेतलेली नोंद, म्हणजे ‘ऑपरेटिव्ह नोट’, रात्रीतून आमच्याकडे पुण्यात येते. फोन बाहेर ठेवून, कागद-पेन न घेता आम्ही आत बसतो, कारण पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये. ती तीन-चार पानांची नोट वाचायची आणि तिच्यातून कोड काढायचे, हे माझे काम. मी बी.एस्सी. प्राणिशास्त्र केले ते वाया गेले असे घरच्यांना वाटत होते. ते वाया गेले नाही. गेली बरीच वर्षे माझ्याकडे फक्त मणक्यांची ऑपरेशने येतात.

आपण सगळे आता चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा या विषयात कोणाला रस नसेल असे मला वाटत नाही. सकाळपासून इथे निदान सहा जणांनी मला सांगितले की ‘माझ्या मणक्यात गॅप आहे.’ (हशा) गंमत अशी की दोन मणक्यांत गॅप असायलाच हवी. तिथे गादी असते. ती झिजली की गॅप कमी होते आणि नस दाबली जाते. कधी एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकतो. असा कणा डळमळीत झाला आणि औषध, व्यायाम, पट्टा यांनी भागले नाही, की काही पेशंटांना तो स्थिर करण्याचे ऑपरेशन करावे लागते.

हे स्थिर करणे म्हणजे नेमके काय, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे, म्हणून दोन मिनिटे ऐका. एक प्रकार म्हणजे ‘फ्यूजन’. दोन मणक्यांच्या हाडांचा वरचा थर खरवडून तिथे हाडाचा चुरा भरतात. तुटलेले हाड जसे सांधते तसे काही महिन्यांत ते दोन मणके एक व्हावेत, ही अपेक्षा. तोपर्यंत ते हलू नयेत म्हणून स्क्रू आणि सळया बसवतात. लक्षात घ्या, स्क्रू म्हणजे फ्यूजन नव्हे. भिंतीचे सिमेंट वाळेपर्यंत गवंडी टेकू लावतो, तसे ते स्क्रू. भिंत हाडाची होते. दुसरा प्रकार असा, की मणक्यांच्या मागे जी टोके हाताला लागतात त्यांच्या मध्ये एक छोटे साधन बसवायचे. त्याने दोन मणक्यांत अंतर राखले जाते, आधार मिळतो, पण हाडे एकमेकांना जोडली जात नाहीत. दोन्हींना डॉक्टर बोलताना ‘स्टॅबिलायझेशन’च म्हणतात. पुस्तकात मात्र दोन्हींचे कोड पूर्ण वेगळे आहेत.

आता गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, तेव्हा त्यांना एक सांगायचे आहे. बाई, तुम्ही सातवीत एक उदाहरण घालायचात. सरळ रस्त्याच्या कडेला दहा खांब, तर मधली अंतरे किती? अर्धा वर्ग ‘दहा’ म्हणायचा आणि तुम्ही खडू फळ्यावर आपटून म्हणायचात, ‘खांब मोजा, मग मधली जागा मोजा!’ बाई, माझा पगार त्या एका उदाहरणावर चालतो. (टाळ्या)

कारण मणक्याच्या कोडिंगमध्ये फ्यूजन अंतराने मोजतात आणि स्क्रू-सळया खांबांनी, म्हणजे मणक्यांनी मोजतात. कमरेत पाच मणके, त्यांना एल-१ ते एल-५ म्हणतात. समजा, डॉक्टरने पाठीमागून, बाजूच्या हाडांवर, एल-३ ते एल-५ असे फ्यूजन केले. मणके तीन, पण जोड दोनच. पहिल्या जोडाचा कोड २२६१२, पुढच्या जोडाचा २२६१४. हा दुसरा कोड एकटा कधीच लिहिता येत नाही. पुस्तकात त्याच्या आधी अधिकचे चिन्ह असते, आणि तो मुख्य कोडच्या शेपटीला धरूनच यायला हवा. स्क्रू मात्र तिन्ही मणक्यांत मारले, म्हणून त्यांचा कोड २२८४२. तो तीन ते सहा मणक्यांसाठी असतो. फक्त एल-४ आणि एल-५ असे दोनच मणके असते, तर मध्ये पकडायला तिसरा मणका नाही, म्हणून तिथे २२८४०. सात ते बारा मणक्यांना २२८४३, तेरा किंवा जास्त असतील तर २२८४४. एवढी लांब सळई सहसा पाठीचा बाक सरळ करताना लागते.

जो ‘तीन मणके म्हणजे तीन जोड’ असे मोजेल, तो २२६१४ दोनदा लिहील. म्हणजे जे ऑपरेशन झालेच नाही त्याचे बिल पेशंटच्या नावावर लागेल. सातवीत तसे लिहिणाऱ्याचा अर्धा मार्क जायचा. इथे दुसऱ्या माणसाचे पैसे जातात.

यापुढेही खाचाखोचा आहेत. गादी काढून तिच्या जागी पिंजऱ्यासारखे साधन, ‘केज’, बसवले आणि मागच्या हाडांवरही फ्यूजन केले, तर दोन्हींचा मिळून एकच कोड: २२६३३. केजचा वेगळा कोड २२८५३, तो जोडागणिक. पेशंटच्याच मणक्यातून निघालेले हाड चुरून वापरले तर २०९३६. हा कोड नियमाने लिहायचा असतो, पण मेडिकेअर त्याचे वेगळे पैसे देत नाही. मानेत पुढून गादी काढून फ्यूजन केले तर पुस्तकाचे पानच बदलते, तिथे २२५५१. दोन सर्जन मिळून एकच ऑपरेशन करत असतील तर कोडमागे ६२ लावायचे. आणि अशा मोठ्या ऑपरेशनच्या फीमध्ये सर्जनची पुढची नव्वद दिवसांची नेहमीची तपासणी धरलेलीच असते. टाके बघायला पेशंट आला म्हणून मेडिकेअरकडे वेगळे बिल लावता येत नाही. हे सगळे पाठ होते असे समजू नका. पुस्तक उघडे ठेवूनच काम चालते, आणि आमची परीक्षाही पुस्तक समोर ठेवूनच असते. तरी लोक नापास होतात, कारण नोटमध्ये काय लिहिले आहे ते वाचावेच लागते.

आता एक प्रसंग सांगते. पेशंटचे नाव-गाव सांगणार नाही, क्लिनिकचेही नाही. वयस्क बाई होत्या, मेडिकेअरच्या नव्हे, एका खासगी विमा कंपनीच्या पेशंट. चालताना पाय भरून येत, थोडे बसले की बरे वाटे. हा कमरेतली जागा अरुंद झाल्याचा नेहमीचा त्रास. त्यालाही कोड आहे, एम४८.०६२. क्लिनिकने नोटबरोबर स्वतःचा एक तक्ता पाठवला होता आणि त्यात कोड टाकला होता २२६१२, म्हणजे फ्यूजन. नोटच्या मथळ्यातही ‘स्टॅबिलायझेशन अँड फ्यूजन’ असे शब्द होते.

आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट म्हणजे मथळ्यावरून कोड लावायचा नाही, मजकुरावरून लावायचा. मी मजकूर वाचला. हाड कापून नसेवरचा दाब काढला होता. दोन मणक्यांच्या टोकांमध्ये साधन बसवले होते. पण हाड खरवडल्याचा उल्लेख नाही, आणि हाडाचा चुरा भरल्याचाही नाही. तीनदा वाचले. फ्यूजन झालेच नव्हते. पुस्तकात अशा ऑपरेशनला, म्हणजे दाब काढून, फ्यूजन न करता, मध्ये साधन बसवण्याला, २२८६७ हा कोड आहे. तो २०१७ मध्ये आला. त्याआधी अशा साधनांना शेवटी ‘टी’ अक्षर असलेला तात्पुरता कोड होता. नव्या, अजून पुरत्या रुळलेल्या नसलेल्या उपचारांना तसे देतात.

मी वरिष्ठांकडे गेले. त्यांनी क्लिनिकला रीतसर प्रश्न पाठवला, त्याला आमच्याकडे ‘क्वेरी’ म्हणतात. क्वेरीतही एक शिस्त आहे. ‘तुम्ही हाडाचा चुरा भरला ना?’ असे विचारायचे नाही. ते उत्तर तोंडात घालणे झाले. ‘फ्यूजन केले असल्यास त्याचे वर्णन नोटमध्ये आढळत नाही, कृपया स्पष्ट करावे’ एवढेच. आपल्या शाळेत पेपर तपासताना बाईंनी मुलाला विचारावे, ‘तुला इथे अधिक म्हणायचे होते ना?’ तसे चालत नाही.

उत्तर आले ते क्लिनिकच्या बिलिंग विभागाकडून. त्यात लिहिले होते की कंपनी २२८६७ ला ‘प्रायोगिक उपचार’ म्हणून नकार देण्याची शक्यता आहे, २२६१२ मंजूर होतो, आणि नकार आला तर पेशंटला स्वतःच्या खिशातून भरावे लागेल; तेव्हा पेशंटच्या हिताचा विचार करावा.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. लबाडी करा असे कोणी म्हणत नव्हते, दया करा असे म्हणत होते. त्या बाईंना मी ओळखत नव्हते, पण त्यांचे वय माझ्या आईएवढे होते. एका आकड्याने त्यांचे ओझे उतरणार असेल, तर पुण्यात बसून मी कोण अडवणारी?

तरी मी आणि माझ्या वरिष्ठांनी २२८६७ च ठेवला. का, ते सांगते. कायद्याची भीती होतीच. सरकारी योजनेकडे खोटी मागणी केली तर तिप्पट नुकसानभरपाई लावणारा अमेरिकेतला कायदा १८६३ चा, यादवी युद्धातल्या लबाड ठेकेदारांसाठी केलेला, आणि आजही तो डॉक्टर-हॉस्पिटलांवर चालतो. खासगी विम्याला वेगळे कायदे आहेत. पण खरे कारण ते नव्हते.

कारण असे, की कोड फक्त पैशासाठी नसतो. तो त्या बाईंच्या कागदपत्रांत राहतो. फ्यूजन झाल्याचा कोड एकदा लागला, की पुढे प्रत्येक ठिकाणी ‘मणके जोडलेले आहेत’ अशी नोंद जाते. तिलाही कोड आहे, झेड९८.१. उद्या त्यांना पुन्हा दुखू लागले, दुसऱ्या गावात दुसऱ्या सर्जनकडे त्या गेल्या, तर तो कागद बघून म्हणणार, इथे जोड आहे, म्हणजे दुखणे वरच्या मणक्यात असेल. तिथे जोड नाहीच. फोटो काढल्यावर ते दिसेल हे खरे, पण तोवर किती चकरा, किती तपासण्या? आणि पुढे कधी खरोखरच फ्यूजन करावे लागले तर विमा कंपनी विचारणार, हे तर आधीच झाले आहे, पुन्हा कशाला? आज खोट्या आकड्याने वाचवलेले पैसे त्या बाईंनाच उद्या परत मोजावे लागले असते.

दुसरे असे. डॉक्टरने केलेला उपचार योग्य होता की नाही, हे विमा कंपनीशी भांडायचे असते, आणि त्यासाठी अपिलाचा मार्ग असतो. खऱ्या कोडवर भांडता येते. खोट्या कोडवर भांडायची वेळ आली, की ऑपरेटिव्ह नोटच आपल्याविरुद्ध साक्ष देते.

व्हायचे तेच झाले, पहिल्यांदा नकार आला. मग सर्जनने स्वतः पत्र लिहिले, की या बाईंना मोठे फ्यूजन झेपले नसते, म्हणून हे साधन निवडले, आणि त्याआधी किती महिने व्यायाम व औषधे करून पाहिली. पत्र, एमआरआयचा अहवाल आणि तीच चार पानांची नोट जोडून अपील गेले. बऱ्याच आठवड्यांनी आमच्या अपील विभागातल्या मुलीने जेवणाच्या सुट्टीत येऊन सांगितले, दुसऱ्या अपिलात मंजूर झाले. मला आनंद झाला हे कबूल करते. पण मंजूर झाले नसते तरी कोड तोच राहिला असता. जे झाले ते लिहायचे, जे लिहिले त्याचाच कोड लावायचा, एवढाच आमचा धर्म आहे.

आता तुमच्या उपयोगाचे थोडे बोलते आणि थांबते.

तुमच्यापैकी कित्येकांची भाची-भाचे, भाऊ-बहिणी अमेरिकेत आहेत, आणि आईवडील सहा महिने तिकडे जाऊन येतात. तिथे दवाखान्यात जायची वेळ आली, तर घरी आधी विमा कंपनीचा एक कागद येतो. त्यावर मोठे आकडे असतात आणि ‘हे बिल नाही’ असेही छापलेले असते. तो बघून घाबरून लगेच पैसे भरू नका. हॉस्पिटलकडे तपशीलवार बिल मागा, ज्यात प्रत्येक कोड वेगळा दिसतो. जी तपासणी झाली नाही तिचा कोड दिसला तर विचारा; विचारणे हा अपमान नाही. विमा नसेल किंवा स्वतःच पैसे भरणार असाल, तर आधी ठरवून केलेल्या उपचाराचा अंदाजी खर्च लेखी मागण्याचा हक्क १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या कायद्याने दिला आहे. प्रत्यक्ष बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा अधिक चढले, तर तक्रार करता येते.

इथे आपल्याकडे हे सीपीटी कोड चालत नाहीत. पॅकेज, खोलीचा वर्ग आणि विम्याची मर्यादा यांवर बिल ठरते. पण कागदाचे महत्त्व तेवढेच आहे. मणक्याचे, गुडघ्याचे, कोणतेही मोठे ऑपरेशन झाले, की आपण डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी येतो. तेवढ्यावर थांबू नका. ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा. स्क्रू, सळई, केज असे काही बसवले असेल तर त्याच्या वेष्टनावरचा स्टिकर केसपेपरला लावलेला असतो. त्यावर कंपनी, माप, लॉट नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. पेशंटने किंवा नातेवाइकाने मागितल्यास डॉक्टरने नोंदी ७२ तासांत द्यायच्या, असे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत आहे. त्याच नियमांत नोंदी तीन वर्षे जपून ठेवायचे बंधन आहे. तीन वर्षांनंतर त्या मिळतीलच असे नाही, म्हणून आपली फाईल आपल्या घरात हवी. पुढच्या डॉक्टरला तुमच्या पाठीत काय आहे हे तुमच्या शब्दांवरून कळत नाही, त्या कागदावरून कळते.

आणि मणक्यात गॅप आहे म्हणणाऱ्या त्या सहा जणांना एक विनंती. एमआरआयच्या रिपोर्टची शेवटची ओळ वाचून ऑपरेशन ठरवू नका. मी रोज ऑपरेशनांच्या नोटा वाचते. त्यांत सुरुवातीलाच लिहिलेले असते, की आधी इतके महिने व्यायाम, औषधे, फिजिओथेरपी केली आणि तरी गुण आला नाही. हा परिच्छेद नसेल तर तिकडची विमा कंपनी सहसा ऑपरेशनला मान्यताच देत नाही. तो परिच्छेद आपल्याही आयुष्यात असू द्या. मात्र पायातली शक्ती जाऊ लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

बाईंनी आणि सरांनी आम्हाला उत्तर काढायला शिकवले, पण त्याहून जास्त, उत्तराच्या आधीच्या पायऱ्या लिहायला शिकवले. ‘पायरी नाही, तर मार्क नाही’ हे तेव्हा जाचक वाटायचे. आज तीच माझी नोकरी आहे.  जेवणाच्या रांगेत कोणाला रिपोर्ट दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा. कोड सांगेन, औषध मात्र डॉक्टरांनाच विचारा.